चांदीखाली तांबं दिसलं म्हणून नाणं प्राचीन ठरत नाही

नाणी जमवणाऱ्यांमध्ये गेले काही महिने एक मजकूर फिरतो आहे. सोबत एका डेनारियसचा, म्हणजे प्राचीन रोमच्या चांदीच्या नाण्याचा, मोठा केलेला फोटो असतो. सम्राटाच्या गालावरची चांदी उडाली आहे आणि खालून लालसर तांबं दिसतंय. मजकुरात एकूण आठ दावे आहेत. चांदीच्या कातडीखाली तांबं दिसलं की नाणं प्राचीनच, कारण खोट्या नाण्याची नक्कल आज कोण कशाला करेल? हिरवा गंज माणसाला बनवता येत नाही. वजन पुस्तकातल्या आकड्याशी जुळलं की नाणं अस्सल. कडेवर जोडाची रेघ असली की ते ओतीव, म्हणजे आजचं. अक्षरं चुकलेली किंवा चेहरा बेढब असेल तरी आजचंच. मशीनने ९५ टक्के चांदी दाखवली की वाद संपला. विजेचा मुलामा प्राचीनांनाही येत होता, म्हणून मुलाम्याच्या पद्धतीवरून काळ ठरत नाही. आणि शेवटचा सल्ला: शंका असेल तर कड कानशीने घासून बघा.

मला हा मजकूर तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाने पाठवण्याआधीच आपल्या नाण्याची कड घासली होती. म्हणून इतक्या विस्ताराने लिहितो आहे.

आधी विषय नेमका काय आहे ते सांगतो. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ पत्रा चढवायचा, वर ठसा मारायचा आणि ते नाणं चांदीचं म्हणून बाजारात चालवायचं, हा उद्योग नाणं जन्माला आल्यानंतर फार लवकर सुरू झाला. लॅटिनमध्ये अशा नाण्याला ‘सुबेराटस’, म्हणजे ‘खाली तांबं असलेलं’, असा शब्द होता. आज संग्राहक फ्रेंचमधला ‘फूरे’ हा शब्द वापरतात. आपल्याकडच्या आहत, म्हणजे चिन्हांचे ठसे ठोकून बनवलेल्या प्राचीन नाण्यांमध्येही तांब्याच्या गाभ्यावर चांदी चढवलेले नमुने मिळतात. ही नाणी त्या काळी खोटी होती, पण आज ती त्या काळाचा खरा पुरावा आहेत. बाजारात कशावर विश्वास होता, फसवणूक कशी होत होती, कारागिराला काय येत होतं, हे सगळं त्यांच्यात वाचता येतं. आजच्या नकलेत यातलं काहीच नसतं. म्हणून हा फरक ओळखणं मला महत्त्वाचं वाटतं.

विजेचा दावा मी आधी घेतो, कारण बाकीचे बरेच मुद्दे त्यावर उभे आहेत. त्यामागे प्रसिद्ध ‘बगदादची बॅटरी’ आहे. १९३६ साली बगदादजवळ खुजुत रबू इथे मातीची एक लहान बरणी सापडली. तिच्यात तांब्याची नळी होती, नळीत लोखंडी सळई आणि तोंडाशी डांबर. हा विद्युतघट असावा आणि मुलामा देण्यासाठी वापरत असावेत, असं विल्हेल्म कोनिग यांनी सुचवलं. हे सिद्ध करायला निदान एक तरी विजेने मुलामा दिलेली प्राचीन वस्तू हवी, आणि तशी एकही सापडलेली नाही. सोनं-चांदी चढवायच्या प्राचीन पद्धती आपल्याला माहीत आहेत: पत्रा, वर्ख, पारा, उष्णता. विजेचा मुलामा एकोणिसाव्या शतकातला आहे. १८०५ मध्ये लुइजी ब्रुन्यातेल्ली यांनी व्होल्टाच्या घटाने चांदीच्या पदकांवर सोनं चढवलं, आणि १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांच्या पेटंटनंतर त्याचा कारखानदारी धंदा झाला. तेव्हा नाण्यावर विजेचा मुलामा असल्याचं सिद्ध झालं तर ते नाणं त्या अवस्थेत तरी प्राचीन नाही. मजकूर म्हणतो पद्धतीवरून काळ ठरत नाही, पण काळ ठरवण्याचं हातातलं सगळ्यात भक्कम साधन पद्धत हेच आहे.

पत्र्याची रीत समजली की डोळ्यांना काय शोधायचं ते कळतं. चांदी साधारण ९६२ अंश सेल्सियसला वितळते, तांबं १०८५ अंशांना. पण हे दोन्ही धातू एकमेकांना चिकटून तापवले तर जिथे ते भेटतात तिथे फक्त ७८० अंशांच्या आसपास वितळलेला थर तयार होतो. त्यात ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबं असतं. प्राचीन कारागिराला हे आकडे ठाऊक नव्हते, पण भट्टीचा रंग ठाऊक होता. तांब्याच्या चकतीभोवती चांदीचा पत्रा घट्ट गुंडाळून तो ती नेमकी तेवढी तापवायचा. वेगळा डाख लागायचा नाही, कारण जोड स्वतःच स्वतःचा डाख तयार करायचा. मग त्या चकतीवर ठसा मारला जायचा. धातुशास्त्रज्ञ विल्यम कॅम्पबेल यांनी १९३३ मध्ये ग्रीक आणि रोमन मुलाम्याच्या नाण्यांच्या छेदांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हा मधला थर सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतो. इतर रीतीही होत्या, पण पत्र्याची रीत सर्वांत जास्त आढळते.

आता क्रम लक्षात घ्या. प्राचीन नाण्यात मुलामा आधी आणि ठसा नंतर. आजच्या विजेच्या नकलेत नाणं आधी तयार होतं, ओतून किंवा दाबून, आणि चांदी नंतर चढते. दोन नाण्यांतला जवळजवळ सगळा फरक या क्रमातून येतो.

जिथे चांदी गेली आहे तिथला गाभा भिंगातून बघा. प्राचीन नाण्यात ठशाचा दाब पत्र्यातून तांब्यापर्यंत गेलेला असतो. म्हणून तांब्यावरची नक्षी बोथट, गादीवरून उमटल्यासारखी दिसते. केसांच्या बारीक रेघा चांदीवर असतात, खाली तांब्यावर त्यांची नुसती सावली असते. विजेच्या नकलेत बारकावे गाभ्यातच कोरलेले असतात आणि वरची चांदी उलट त्यांना थोडं बुजवते. चांदी गेलेल्या जागी नक्षी अधिक स्पष्ट दिसली, तर नाणं खाली ठेवून दीर्घ श्वास घ्या.

मग चांदीची फाटलेली कड बघा. प्राचीन पत्रा बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून जाड असतो. त्यामुळे तो फाटतो तिथे पायरी दिसते. तिरप्या उजेडात त्या पायरीची बारीक सावली पडते, आणि पत्रा कुठे कुठे पापुद्र्यासारखा उचललेला असतो. विजेचा थर सहसा काही मायक्रॉनांचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा) किंवा काही दशक मायक्रॉनांचा असतो. तो झिजला की पायरी न उरता चांदीचा रंग हळूहळू फिका होत तांब्यात मिसळतो, जुन्या दिव्याच्या पॉलिशसारखा. दहापट भिंगाने ही एक गोष्ट बघायला शिकलात तर निम्मी फसवणूक टळेल, असं माझं ठाम मत आहे.

तरीही एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. उष्णतेने चांदी आणि तांबं जोडायची कला प्राचीन काळापुरती राहिली नाही. १७४३ च्या सुमारास शेफील्डमध्ये थॉमस बोल्सोव्हर यांनी तीच युक्ती नव्याने शोधली आणि तिच्यावर भांड्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. आजचा कसबी माणूसही पत्रा चढवून ठसा मारू शकतो. म्हणून विजेचा मुलामा दिसला तर नाणं बाद होतं, पण पत्र्याचा मुलामा दिसला म्हणून पास होत नाही. पुढच्या प्रत्येक दाव्यात हीच गफलत आहे. नाणं नाकारायला पुरेसा असलेला पुरावा मजकूर स्वीकारायला वापरतो, आणि कधी त्याच्या उलट करतो.

तर पहिला दावा: तांबं दिसलं की प्राचीन, कारण खोट्याची नक्कल कोण करेल?

याला दोन हजार वर्षांपूर्वीच उत्तर मिळालं आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी, जो इ. स. ७९ मध्ये वारला, लिहितो की लोक खोट्या डेनारियसचा नमुना निरखून अभ्यासतात आणि एका भेसळीच्या नाण्यासाठी अनेक खरी नाणी मोजतात. खोट्या नाण्याला गिऱ्हाईक तेव्हाही होतं. आज तर प्राचीन मुलाम्याची नाणी हा संग्राहकांचा स्वतंत्र विषय आहे, आणि जिथे मागणी आहे तिथे नक्कल येते.

शिवाय तांबं दाखवायला खोट्याची नक्कल मुद्दाम करावी लागत नाही. पर्यटकांसाठी बनवलेली विजेच्या मुलाम्याची स्वस्त प्रतिकृती काही वर्षं खिशात, पाकिटात, हाताळणीत घासली गेली की उंच जागी खालचा धातू उघडा पडतो. तो तांब्याचा असेल तर ‘प्राचीन मुलाम्याचं नाणं’ आपोआप तयार झालं. विकणाऱ्याला तर ते कळलेलंही नसेल.

आणखी एक गोंधळ याच दाव्यातून होतो. हिणकस चांदीचं नाणं आणि मुलाम्याचं नाणं यात फरक आहे. हिणकस नाण्यात चांदी आणि तांबं आरपार मिसळलेलं असतं. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथात रुप्याच्या नाण्यात एक चतुर्थांश तांबं घालायला सांगितलं आहे. ती भेसळ सरकारी आहे, लपवलेली नाही. इ. स. तिसऱ्या शतकातल्या रोमन नाण्यांत चांदी इतकी घटली की सम्राट गॅलिएनसच्या अखेरच्या वर्षांतली नाणी जवळजवळ तांब्याचीच होती, वर चांदीची नुसती झिलई. ती झिलई गेली की खाली तांबं दिसतं, आणि तरीही ते नाणं सम्राटाच्या टांकसाळीतलं अधिकृत नाणं असतं. अशा नाण्याला ‘प्राचीन खोटं नाणं’ म्हणून विकणारे मी पाहिले आहेत. चूक उलट दिशेची आहे, पण मूळ तेच आहे: तांबं दिसलं आणि डोकं थांबलं.

दुसरा दावा हिरव्या गंजाचा. तो बनवता येत नाही, हे साफ चूक आहे. व्हिनेगर, मीठ, अमोनिया यांनी तांबं काही दिवसांत हिरवं होतं. रंग आणि डिंक किंवा राळ फासून तर एका संध्याकाळी होतं. जुनी दिसणारी नाणी तयार करणं हा कसब लावून केलेला उद्योग होता. जर्मनीतला कार्ल विल्हेल्म बेकर, १७७२ ते १८३० या काळातला, आपली नवी ‘प्राचीन’ नाणी लोखंडाच्या किसात घालून तो डबा घोडागाडीच्या आसाला बांधायचा आणि गाडी फिरवायचा, म्हणजे नाण्यांवरचा नवेपणा मोडायचा. त्याचे ठसे आज बर्लिनच्या संग्रहालयात आहेत.

मात्र गंजाची जागा आणि क्रम यांची नक्कल करणं खरंच अवघड आहे, आणि इथे मुलाम्याचं नाणं आपल्याला फार मदत करतं. चांदी आणि तांबं एकमेकांना चिकटून ओल्या, खारट मातीत पडले की तो एक छोटासा विद्युतघटच होतो. त्यात तांबं बळी पडतं आणि चांदी टिकते. चांदीच्या चिरेतून ओल आत शिरते, तांबं आतून गंजतं, आणि गंजाला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते. म्हणून पत्रा खालून फुगतो, त्यावर फोड येतात आणि ते फुटतात. फुटलेल्या जागी धातूला लागून लालसर क्युप्राइट आणि त्यावर हिरवा मॅलाकाइट असे थर सापडतात. खऱ्या नाण्यात हिरवा रंग चांदीच्या खालून वर येतो. बनावट नाण्यात तो चांदीच्या वर बसवलेला असतो आणि खोलगट जागी सारखा साचलेला दिसतो. लाल थराशिवाय थेट चकचकीत तांब्यावर हिरवा थर बसला असेल तर शंका घ्या. ॲसिटोनमध्ये नाणं बुडवल्यावर हिरवेपणा सुटून आला, तर तो रंग होता. खनिज गंजाला ॲसिटोन काही करत नाही.

जुनी चांदीही बदलते. शतकानुशतकं जमिनीत राहिल्यावर ती ठिसूळ होते आणि कणांच्या सीमांवरून तडकते. अशा फाटलेल्या पत्र्याची कड वाकलेली दिसत नाही, कुरकुरीत तुटल्यासारखी दिसते.

तिसरा दावा वजनाचा. पुस्तकातलं वजन म्हणजे कोणतं? रोममध्ये सम्राट येण्याआधीच्या प्रजासत्ताकाच्या शेवटच्या काळात रोमन पौंडातून ८४ डेनारियस पाडत, म्हणजे एक सुमारे ३.९ ग्रॅमचं. सम्राट नीरोने इ. स. ६४ मध्ये पौंडातून ९६ पाडायला सुरुवात केली आणि वजन ३.४ ग्रॅमवर आलं. आता हिशेब करा. चांदीची घनता १०.४९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, तांब्याची ८.९६. प्रजासत्ताकाच्या डेनारियसच्या आकाराचं नाणं पूर्ण तांब्याचं केलं तर ते ३.३ ग्रॅमच्या थोडं वर भरेल, चांदीच्या पत्र्यासकट ३.४ च्या आसपास. म्हणजे मुलाम्याचं जुनं नाणं आणि नीरोचं अस्सल नाणं तराजूवर एकच. अथेन्सच्या १७.२ ग्रॅमच्या घुबडाच्या नाण्याचा हिशेब असाच केला तर पूर्ण तांब्याचं नाणं १४.७ ग्रॅम येतं. तेव्हा त्याच आकाराचं नाणं १५ ग्रॅमच्या आसपास भरलं तर मुलाम्याचा संशय रास्त आहे, पण तो मुलामा केव्हाचा हे तराजू सांगू शकत नाही.

पुस्तकाशी नेमकं जुळणारं वजन साधणं तर नकलाकाराच्या हातातलं आहे. शिशाची घनता ११.३४ आहे, चांदीपेक्षा जास्त. तांबं किंवा कथिल आणि शिसं योग्य प्रमाणात मिसळलं की हवी ती घनता मिळते. आणि बेकरसारख्याने तर चांगल्या चांदीतच नाणी पाडली होती.

वाजवून बघणं हा याचाच जुना भाऊ. आपण आजही नाणं खणखणीत आहे म्हणतो, आणि रोमन कवी पर्सियसही आत तांबं असलेल्या सोन्याच्या खोट्या आवाजाबद्दल बोलतो. चलनात फिरणाऱ्या नव्या नाण्याला ती कसोटी लागू होती. दोन हजार वर्षं पुरलेलं, आतून तडकलेलं शुद्ध चांदीचं नाणंही बद्द वाजतं. फरशीवर टाकलंत तर दोन तुकडे होतील.

चौथा दावा, कडेवरच्या रेघेचा, मला जास्त वेळ घ्यायला लावतो, कारण इथे तीन वेगवेगळ्या रेघा एकाच नावाखाली घातल्या जातात. पत्रा गुंडाळला की त्याची एक कड दुसरीवर चढते. ती रेघ वाकडीतिकडी असते, बहुधा मधोमध नसते, आणि एका बाजूला पातळ ओठासारखी उचललेली असते. ही प्राचीन मुलाम्याची खूण आहे, आणि मजकूर नेमकी हिलाच आजची ठरवतो. दुसरी रेघ साच्याच्या दोन अर्ध्या भागांची: सरळ, मधोमध, किंचित उंच, आणि ती लपवण्यासाठी घासल्याचे ओरखडे. तिसरी इलेक्ट्रोटाइपची. एकोणिसाव्या शतकात संग्रहालयं अभ्यासासाठी नाण्यांच्या हुबेहूब प्रती करत. दोन्ही बाजूंची तांब्याची पातळ कवचं विजेने तयार करून, आत शिसं भरून, ती जोडत आणि मग वर चांदी देत. ब्रिटिश म्युझियमसाठी रॉबर्ट रेडी यांनी केलेल्या प्रतींच्या कडेवर त्यांची आद्याक्षरं ‘आर आर’ असतात. ही प्रामाणिकपणे केलेली कामं आहेत. पण अक्षरं घासून टाकलेली प्रत हातात आली तर तांबं आहे, चांदी आहे, कडेला जोड आहे, आणि मूळ नाण्यावरूनच साचा घेतल्यामुळे शैली निर्दोष आहे. मजकुराच्या निकषांनी ती प्राचीनही ठरते आणि आजचीही. तिथे पूर्ण वर्तुळ फिरणारी, केसासारखी सारखी रेघ ओळखता आली पाहिजे.

ओतीव म्हणजे आजचं, हेही खरं नाही. तिसऱ्या शतकातले नाणी ओतण्याचे मातीचे साचे ब्रिटनपासून इजिप्तपर्यंत सापडले आहेत, आणि रोमच्या सीमेवर डेनारियसच्या ओतीव हलक्या नकला चलनात होत्या.

याच ओघात दातेरी कडेचा समज येतो: कड कापून दाते केलेली नाणी मुलाम्याची असूच शकत नाहीत, कारण दात्यांतून गाभा दिसला असता. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की जर्मन टोळ्यांना दातेरी कडेची नाणी पसंत होती, आणि त्यामागे हाच विश्वास असावा असं मानलं जातं. पण दातेरी मुलाम्याची नाणी उपलब्ध आहेत. कारागिराने आधी तांब्याला दाते पाडले आणि मग पत्रा दात्यांमध्ये दाबून बसवला. इतकी मेहनत बघून मला प्रत्येक वेळी थक्क व्हायला होतं.

पाचव्या दाव्याचा निकाल लवकर लागतो. चुकलेली अक्षरं, बेढब चेहरा, एका सम्राटाची दर्शनी बाजू आणि मागे दुसऱ्याच सम्राटाच्या नाण्याची नक्षी, ही प्राचीन खोट्या नाण्यांची नेहमीची लक्षणं आहेत. खासगी कारागीर ठसा हाताने कोरायचा, त्याला लॅटिन येत असेलच असं नाही, आणि हाताशी असतील ते दोन ठसे तो जोडायचा. उलट आजचा नकलाकार खऱ्या नाण्यावरूनच साचा किंवा ठसा घेतो, त्यामुळे त्याची शैली अचूक येते. फसतो तो दुसरीकडे. मूळ नाण्यावरचा ओरखडा, कडेची चीर, ठसा बाजूला सरकल्याने कापलेलं अक्षर, हे सगळं नकलेत उतरतं, आणि मग सारखाच ओरखडा असलेली दोन नाणी दोन वेगळ्या ठिकाणी विक्रीला येतात. दोन खऱ्या नाण्यांचा ठसा एक असू शकतो, पण दोघांची दुखापत एकच असू शकत नाही. जुन्या लिलावांचे फोटो चाळून जुळं शोधणं हे कंटाळवाणं काम आहे, पण निर्णायक आहे.

सुबक शैलीचं मुलाम्याचं नाणंही प्राचीन असू शकतं. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या शेवटी, इ. स. पू. ४०६च्या सुमारास, चांदी संपलेल्या अथेन्सने स्वतःच तांब्यावर चांदी चढवलेली नाणी काढली असं बहुतेक अभ्यासक मानतात. अॅरिस्टोफेनिसने इ. स. पू. ४०५च्या नाटकात त्या वाईट ‘तांबड्यां’ना टोमणा मारला आहे.

सहावा दावा मशीनचा. एक्सआरएफ मशीन क्ष-किरण टाकून पृष्ठभागातली मूलद्रव्यं मोजते. चांदीमध्ये तिची नजर फार तर काही दशक मायक्रॉन पोहोचते. प्राचीन पत्रा १०० मायक्रॉनांचा असेल तर मशीनला गाभा दिसतच नाही. ती ९५ टक्के चांदी म्हणेल, आणि पत्र्यापुरतं ते खरंही असेल. म्हणजे शुद्ध चांदीचं खरं नाणं आणि प्राचीन मुलाम्याचं नाणं, दोघांनाही एकच गुणपत्रक. उलट विजेचा थर १० मायक्रॉनांचा असेल तर मशीन खालचं तांबंही मोजते आणि नाणं हिणकस असल्याचं सांगते. रोमन लेखक पेट्रोनियसच्या कथेतल्या ट्रिमाल्किओ या पात्राला सर्वांत अवघड धंद्यांपैकी एक वाटतो तो नाणी पारखणाऱ्याचा, कारण त्याला चांदीतून तांबं दिसावं लागतं. ९५ चा आकडा ते करत नाही.

याचा अर्थ मशीन निरुपयोगी आहे असा नाही. तिला वेगळा प्रश्न विचारा. प्राचीन चांदीत शुद्धीकरणानंतरही सोनं आणि शिसं अल्प प्रमाणात उरलेलं असतं. आजच्या कारखान्यातल्या शुद्ध चांदीत ते जवळजवळ नसतं. ते अंश नसणं हा नाकारणारा पुरावा आहे. असणं पुरेसं नाही, कारण मोडकी प्राचीन नाणी वितळवून नवी पाडता येतात. आणि निकेल शोधा. विजेच्या मुलाम्याखाली बऱ्याचदा निकेलचा थर देतात, आणि निकेल स्वतंत्र धातू म्हणून १७५१ मध्ये क्रॉनस्टेट यांनी वेगळं केलं. बॅक्ट्रियाच्या, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानाच्या भागातल्या, काही प्राचीन राजांची तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नाणी आहेत, पण तिथे निकेल गाभाभर मिसळलेलं आहे. चांदी आणि तांब्याच्या मध्ये निकेलचा वेगळा थर म्हणजे आजचं काम.

राहिली कानस. इ. स. पू. चौथ्या शतकात अथेन्सच्या बाजारात नाणी पारखणारा सरकारी गुलाम बसायचा. इ. स. पू. ३७५चा तो कायदा दगडावर कोरलेला १९७० मध्ये अथेन्सच्या अगोरात, म्हणजे प्राचीन बाजारचौकात, सापडला. नाण्याच्या आत तांबं किंवा शिसं आढळलं तर त्याने ते लगेच कापायचं आणि देवतांच्या मातेला अर्पण करायचं, असं त्यात आहे. त्याचं काम नाणं चलनातून काढणं हे होतं. आपल्याला ते वाचायचं आहे, आणि वाचण्यासारखं सर्वांत जास्त कडेवरच असतं: पत्र्याची चढलेली कड, खालून फुगलेला गंज, थरांचा क्रम. कानस नेमकं तेच पुसते, आणि बदल्यात फक्त इतकं सांगते की आत तांबं आहे, जे तांब्याच्या डागावरून आधीच माहीत होतं. जुना कापाचा व्रण असेल तर तो बघा. त्याच्या आतही बाहेरच्यासारखाच गंज बसलेला आहे का, हे विचारा. नवा व्रण देऊ नका. नैसर्गिक फुटलेली जागा, तिरपा उजेड, दहापट भिंग, घनता काढण्यासाठी पाण्यात बुडवून घेतलेलं वजन आणि फोटोंची तुलना यांनी बहुतेक नाण्यांचा निकाल लागतो.

ज्यांनी आधीच घासलं आहे त्यांच्यासाठी: घासलेली जागा बोटाने चोळू नका, तेल लावू नका, लिंबू-चिंचेने चमकवू नका. नाणं सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डबीत ठेवा आणि आठवड्यातून एकदा त्या जागेचा फोटो घ्या. उघड्या तांब्यावर फिकट हिरवी भुकटी येऊ लागली तर गाभ्यात क्लोराइड शिरलेलं आहे आणि हवेतल्या ओलाव्याने ते पुन्हा जागं झालं आहे. मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या नकलेतही असं होऊ शकतं. म्हणून भुकटी आली तर ती कुठून येते ते बघा: पृष्ठभागावरून, की पत्रा आणि तांबं यांच्या मधल्या रेघेतून. मला पाठवणाऱ्या मित्राच्या नाण्यावर ती तिसऱ्या आठवड्यात आली, आणि मधल्या रेघेतून आली. पत्र्याची पायरी आणि बोथट गाभाही त्याच्या नाण्यात आहे. ते प्राचीन असण्याची शक्यता मला बरीच मोठी वाटते, फक्त त्याची पत्रा-चढीची कड आता कानशीच्या भुकटीत गेली आहे.